चित्रातील मूल कुणाचे?

दिवाळीची सुटी संपून हवेत गारठा आला की मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातील शाळांच्या सहली अजिंठ्याच्या वाटेला लागतात. फर्दापूरपाशी गाड्या थांबतात. तेथून दुसऱ्या बसने मुले लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचतात आणि वाघूर नदीच्या वळणावरील पायऱ्या गलका करीत चढू लागतात. लेण्यांत शिरताना पहारेकरी एक नियम बजावून सांगतो. आत फ्लॅश वापरून छायाचित्र काढावयाचे नाही. त्यामागचे कारण शिक्षक समजावून सांगतात. हे रंग दीड हजार वर्षांचे आहेत. प्रखर प्रकाश त्यांना सोसत नाही. मुले नियम समजून घेतात आणि बहुधा पाळतातही.

लेण्यांतून बाहेर आल्यावर तीच मुले ओळीने उभी केली जातात. शिक्षक, गाडीचा चालक, शेजारून जाणारा एखादा अनोळखी पर्यटक, ज्याच्या हाती मोबाईल आहे तो त्यांचे छायाचित्र टिपतो. गणवेशावर शाळेचे नाव असते, फलकावर गावाचे, आणि तारीख यंत्र स्वतःच नोंदवून ठेवते. सायंकाळी गाडी गावी पोहोचण्यापूर्वीच ती चित्रे पालकांच्या गटात, संस्थेच्या पानावर आणि तेथून कोठे कोठे जाऊन पोहोचतात. भिंतीवर रंगविलेल्या चेहऱ्यांसाठी आपण नियम केला आहे. त्या चेहऱ्यांसमोर उभ्या असलेल्या जिवंत चेहऱ्यांसाठी कोणता नियम आहे?

हा प्रश्न नवा वाटतो, कारण मोबाईल नवा आहे. परंतु मुलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कुणाचा, ही चिंता फार जुनी आहे. तिचा इतिहास शोधावयास अजिंठ्यापासूनच निघावे, इतकी त्याची सामग्री या डोंगरात आणि या जिल्ह्यात आहे.

सतराव्या लेण्यातील दोन कथा

वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, त्याच्या एका मांडलिक राजाच्या आश्रयाने सतरावे लेणे कोरले गेले. भित्तिचित्रांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील एका चित्रासमोर प्रत्येक सहल थांबते. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत. हाती भिक्षापात्र घेतलेली त्यांची भव्य आकृती उभी आहे, आणि समोर अगदी लहान दिसणारी दोन माणसे आहेत, यशोधरा आणि तिचा मुलगा राहुल. आई मुलाला पुढे करीत आहे.

चित्रानंतरची कथा विनयपिटकात आली आहे. राहुलला संघात प्रव्रज्या देण्यात आली. हे कळल्यावर आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. मुलगा गेला तेव्हाचे दुःख सोसले होते. आता नातूही गेला. त्यांनी बुद्धांकडे एवढेच मागितले की यापुढे कोणत्याही मुलाला आईवडिलांच्या अनुमतीवाचून प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ते मान्य केले आणि संघासाठी तसा नियम घालून दिला. मूल स्वीकारणारी संस्था कितीही पवित्र असली तरी तिने घरच्या मोठ्यांना विचारले पाहिजे, असा हा नियम आहे. पालकांच्या संमतीविषयीच्या जगातील जुन्या नियमांत त्याची गणना करावी लागेल.

त्याच लेण्यात विश्वंतर जातकाची कथा रंगविलेली आहे. राजपुत्र विश्वंतर हा दानशूरतेची परिसीमा. मागेल त्याला मागेल ते देणारा. राज्याचा हत्ती दान केल्यामुळे त्याला वनवास पत्करावा लागतो. अरण्यात जूजक नावाचा वृद्ध ब्राह्मण येतो आणि घरकामासाठी त्याची दोन्ही मुले मागतो. मुलांची आई त्या वेळी फळे आणण्यास गेलेली असते. मुले घाबरून पुष्करिणीत लपतात. बाप त्यांना हाक मारून बाहेर बोलावतो आणि देऊन टाकतो. शेवटी आजोबा धन देऊन नातवंडांना सोडवतात. जूजक ते धन स्वीकारीत आहे, असा प्रसंगही चित्रकाराने दाखविला आहे.

बौद्ध परंपरा या कथेकडे दानपारमितेचा आदर्श म्हणून पाहते, आणि त्या श्रद्धेचा आपण आदरच केला पाहिजे. मला येथे लक्षात घ्यावेसे वाटते ते कथाकारांचे प्रामाणिकपण. दान थोर आहे, असे सांगतानाही मुलांची भीती, त्यांचे लपणे आणि आईची अनुपस्थिती त्यांनी गाळली नाही. ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न त्यांनी जागा ठेवला आहे. देणारा बाप आहे, हेतू उदात्त आहे. पण जे दिले जात आहे त्याला कुणी विचारले काय?

राहुलच्या कथेतून नियम निघतो की पालकांची संमती हवी. विश्वंतराच्या कथेतून कळते की पालकांची संमती प्रत्येक वेळी पुरेशी नसते. मुलांच्या छायाचित्रांविषयी आज जगभर जे कायदे आणि नियम होत आहेत ते या दोन विचारांच्या मध्ये कोठेतरी उभे आहेत.

प्रतिकृतीचा प्रवास

एखादी प्रतिमा आपली जागा सोडून जगात निघाली म्हणजे तिचे काय होते, हेही अजिंठ्याने अनुभवले आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ मध्ये मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल याची भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अजिंठा गावात राहून त्याने अनेक वर्षे परिश्रम केले आणि मोठमोठी तैलचित्रे लंडनला पाठविली. तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली होती. डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली. पुढे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे काम पुन्हा केले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या.

मूळ चित्रांनाही या प्रेमाची किंमत मोजावी लागली. रंग उठून दिसावेत म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांनी भिंतीवर वॉर्निश लावले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागीच पक्का केला, ही मोठीच सेवा होय; परंतु रक्षणासाठी दिलेला लाखेचा थर काळाबरोबर तपकिरी पडत गेला, आणि पुढच्या पिढीतील पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो बेताबेताने उतरवावा लागला. यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही हानी व्हावयाची ती झाली, आणि ती दिसून येण्यास कित्येक वर्षे लागली.

गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तैलचित्राची प्रतिकृती एकच असे, आणि ती जळाली की संपे. छायाचित्राच्या काचेवरून मात्र हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. प्रतिमेच्या मालकीचा प्रश्न येथून अवघड होत गेला.

दुष्काळातील मुले

निजामाच्या राज्यात छायाचित्रकार म्हणून सर्वांत मोठे नाव झाले ते राजा दीनदयाळ यांचे. १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र झनाना स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे काढण्याचे काम केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होते. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांना परक्या पुरुषाच्या दृष्टीस न पडता आपले छायाचित्र काढून घेता यावे, यासाठी ही सोय होती. कोण पाहील आणि कोण पाहणार नाही, याची काळजी छायाचित्रकलेच्या त्या पहिल्या अर्धशतकातही घेतली जात होती, हे यावरून दिसते.

पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. औरंगाबाद जिल्हा त्यात होरपळून निघाला. राज्याने मदतकार्य उघडले आणि त्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्याच स्टुडिओने काढली. या जिल्ह्यातील दुष्काळपीडितांची ती चित्रे जगाच्या संग्रहालयांतून आजही पाहावयास मिळतात. अशा चित्रांखाली ठिकाण आणि मदतकार्य यांची नोंद असते. माणसांची नावे क्वचितच असतात. हाडे दिसणाऱ्या त्या स्त्रियांना आणि लेकरांना कॅमेऱ्यासमोर उभे राहावयाचे की नाही, असे विचारण्याची पद्धत नव्हती. स्टुडिओ एकच होता. उमरावांच्या घरच्या बायकांसाठी तेथे उंच भिंत होती, आणि भुकेल्यांसाठी आडोसा नव्हता.

आपल्या ख्रिस्ती संस्थांचा इतिहासही या प्रकरणापासून अलिप्त नाही. त्या वर्षांत अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट मिशनांनी दुष्काळाची छायाचित्रे परदेशी देणगीदारांसमोर ठेवली. मूल आले तेव्हाचे एक आणि खाऊनपिऊन सावरल्यावरचे एक, अशी जोडचित्रे ही त्या काळच्या अहवालांची ओळखीची रीत होती. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने दुष्काळाची छायाचित्रे छापून मदतीचे आवाहन केले, आणि १९०० मध्ये ‘क्वीटो’ नावाचे जहाज मक्याने भरून मुंबईस आले. त्या मक्यावर जी मुले जगली त्यांच्या वंशजांसमोर बसून ‘ती चित्रे छापावयास नको होती’ असे म्हणणे सोपे नाही. या विषयाचा विचार करणाऱ्याने ही अडचण टाळता कामा नये.

पण त्यासोबत दुसरी बाजूही पाहावी. मक्याचे जहाज एकदा आले. छायाचित्र कायमचे राहिले. ते मूल मोठे झाले, शिकले, शिक्षक किंवा परिचारिका झाले, त्याचा संसार झाला. जगाच्या लेखी मात्र ते कायम दुष्काळातील उघडेनागडे पोर राहिले. ही जाणीव देणगी मागणाऱ्या संस्थांना पुष्कळ उशिरा झाली. १९८४-८५ मधील इथिओपियाच्या दुष्काळात भुकेल्या बालकांची चित्रे जगभर फिरली आणि त्यांवर टीकेचे मोहोळ उठले. त्यानंतर १९८९ मध्ये युरोपातील विकास-संस्थांनी चित्रांविषयी आचारसंहिता मान्य केली. माणसाची दैन्यावस्था विकू नये, त्याची प्रतिष्ठा राखावी, हे तिचे सार होते. औरंगाबादच्या दुष्काळानंतर एवढे समजावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

कागदी फोटोची मर्यादा

विसाव्या शतकात कॅमेरा शाळेत आला तो वार्षिक समूहछायाचित्राच्या रूपाने. मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक, मागे बाकांवर उभी मोठी मुले, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली धाकटी, आणि एका मुलाच्या हाती इयत्ता व वर्ष लिहिलेली पाटी. गावच्या स्टुडिओचा छायाचित्रकार तिकाटण्यावर कॅमेरा लावून काळ्या कापडाखाली डोके घाली. ज्याने पैसे भरले त्यालाच प्रत मिळे. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात राही, आणि कित्येकदा पावसाळ्यातील ओलीने खराब होऊन जाई.

त्या काळी मुलांच्या खासगीपणाविषयी कुणी नियम केले नाहीत, कारण माध्यमाच्या मर्यादा हाच नियम होता. प्रत मोजकी होती, ती पाहणारे मोजके होते, आणि भिंतीवरील ते चित्र पाहावयास घरात यावे लागे. परक्या माणसाला मुलाचा चेहरा, नाव, शाळा आणि गाव एकत्र मिळण्याचा मार्ग नव्हता. घरातील वडीलधारी माणसे फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, दृष्ट लागते, असे म्हणत. त्या समजुतीला आधार नव्हता. पण आपले रूप परक्याच्या हाती जाणे ही साधी गोष्ट नव्हे, एवढे शहाणपण तिच्यात होते.

परदेशांत हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आधीच मांडला गेला होता. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि कुणाचेही छायाचित्र कुठेही काढता येऊ लागले. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, अमेरिकेतील वॉरेन आणि ब्रँडाइस या वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला; झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रे हे त्याचे एक निमित्त होते. खासगीपणाच्या हक्काची आधुनिक चर्चा कॅमेऱ्यामुळे सुरू झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

शासनाची सेल्फी

महाराष्ट्रातील शाळांपुरते बोलावयाचे तर २०१६ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटासोबत सेल्फी काढावी आणि ती ‘सरल’ या शासकीय संगणकप्रणालीवर चढवावी, असा त्याचा आशय होता. हेतू चांगला होता. शाळाबाह्य होणारी मुले शोधावयाची होती, हजेरीपटावरील खोट्या नावांना आळा घालावयाचा होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला. खेड्यांत इंटरनेट मिळत नाही, प्रत्येक शिक्षकाजवळ तसा मोबाईल नाही, शिकविण्याचा वेळ वाया जाईल, अशी कारणे पुढे आली. मुलींच्या छायाचित्रांच्या सुरक्षिततेचा मुद्दाही काहींनी मांडला. अखेर त्या आदेशाची अंमलबजावणी थांबली.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासोबत विद्यार्थी आणि पालकांची सेल्फी संकेतस्थळावर चढविण्याचा उपक्रम शाळांतून राबविला गेला. सरकारे बदलली तरी कल्पना तीच राहिली. काम झाल्याचा पुरावा म्हणजे मुलाचे चित्र. शालेय पोषण आहार वाटला, छायाचित्र पाठवा. वृक्षारोपण झाले, छायाचित्र पाठवा. देणगीतून दप्तरे दिली, छायाचित्र पाठवा. दप्तर हाती धरून दात्याशेजारी उभे असलेले मूल आज आपण किती सहजपणे पाहतो! दुष्काळातील जोडचित्रांची ती रीत अद्याप मोडलेली नाही.

चित्र आपल्या हातून सुटले म्हणजे ते काय करू शकते, याची दारुण साक्ष २०१८ मध्ये मिळाली. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर पसरत होत्या. त्यांना जोर आला तो मुलांच्याच चित्रांमुळे. एका चित्रफितीत दुचाकीवरील माणसे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनविली होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून ती भारतात फिरविली गेली. सिरियातील घौटा येथे २०१३ मध्ये रासायनिक हल्ल्यात मृत्यू पावलेल्या बालकांची छायाचित्रेही भारतातील मुलांची म्हणून दाखविण्यात आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. कराचीतील पोर किंवा घौटातील ती मृत बालके यांच्या प्रतिमांना परदेशात असे काम करावयास लावले जाईल, हे त्यांच्या आईबापांच्या स्वप्नातही आले नसेल.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२३ मध्ये स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या गावातील वीसहून अधिक शाळकरी मुलींची साधी, कपड्यांतील छायाचित्रे समाजमाध्यमांवरून घेऊन त्यांपासून नग्न चित्रे तयार करण्यात आली. करणारी त्याच परिसरातील अल्पवयीन मुले होती. पुढच्या वर्षी बालन्यायालयाने त्यांतील पंधरा जणांना देखरेखीची शिक्षा दिली. चित्रात काही गैर नव्हते, म्हणून धोका नव्हता, हे म्हणणे आता टिकत नाही.

कायद्याचा उंबरठा

कायदाही या वाटेने सावकाश चालत आला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला, आणि भारताने डिसेंबर १९९२ मध्ये तो स्वीकारला. त्याचे बारावे कलम म्हणते की मुलाशी संबंधित बाबतीत त्याच्या वयाला आणि समजुतीला अनुसरून त्याचे मत विचारात घ्यावे; सोळावे कलम मुलाचा खासगीपणा मान्य करते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली. बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे ७४ वे कलम त्याहून व्यापक आहे. ज्या मुलांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे किंवा ज्यांच्यावर कायदेशीर कारवाई चालू आहे, त्यांच्याविषयीच्या वृत्तांत नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बालगृहे चालविणाऱ्या आपल्या संस्थांनी हे कलम भिंतीवर लावून ठेवावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यातील न्यायमूर्ती कौल यांनी मुलांच्या खासगीपणाला विशेष संरक्षण लागेल, असे मत नोंदविले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती संगणकीय रूपात वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद त्याच्या नवव्या कलमात आहे. ज्यावरून मूल ओळखता येते असे छायाचित्र ही त्याची माहितीच होय. मुलांविषयीची कर्तव्ये मोडल्यास दंडाची मर्यादा दोनशे कोटी रुपयांपर्यंत आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू व्हावयाच्या आहेत. शाळांना तयारीसाठी मिळालेला हा अवधी आहे.

शुद्धोदनाने मागितलेला नियम अशा रीतीने आपल्या कायद्यात आला. पण विश्वंतराचा प्रश्न कायद्याने सोडविलेला नाही. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या अधिनियमाच्या बाहेर ठेवला आहे. कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो, आणि ते एका अर्थी योग्यही आहे. आईबापाने लेकराचा फोटो काढावा की नाही हे पोलिसांनी ठरवू नये. फ्रान्सने १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने याबाबत एक पाऊल पुढे टाकले. मुलाच्या प्रतिमेचे रक्षण हे पालकत्वाचे कर्तव्य आहे आणि त्याच्या वयानुसार त्याला त्या निर्णयात सहभागी करून घ्यावे, असे तेथे म्हटले आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शाळाप्रवेशाच्या वेळी छायाचित्राच्या संमतीचा अर्ज भरावा लागतो, आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याकडे कुणी संशयाने पाहत नाही.

आपल्या शाळा, आपली घरे

या इतिहासातून शाळांनी आणि धर्मग्रामांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, संमती प्रसंगानुरूप आणि लेखी असावी. प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एकदा घेतलेली सही ही संमती नव्हे. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र शाळेच्या अंकात छापण्यास हरकत नसलेले पालक तेच छायाचित्र इंटरनेटवर टाकण्यास नकार देऊ शकतात, आणि नकार दिलेल्या मुलाला रांगेतून बाहेर काढून त्याचा पाणउतारा होता कामा नये. दुसरी गोष्ट, चेहरा, पूर्ण नाव, शाळा आणि गाव या चारही गोष्टी एकत्र प्रसिद्ध करू नयेत. तिसरी, शाळेतील छायाचित्रे शाळेच्या कॅमेऱ्यानेच काढावीत. शिक्षकांच्या वैयक्तिक मोबाईलमध्ये विद्यार्थ्यांची चित्रे साठू नयेत. चौथी, काढून टाका असे कुणी सांगितले तर कारण न विचारता चित्र काढून टाकावे.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश दिला. तो आवश्यक होता. मात्र ते चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवले जाते आणि कुणाच्या हाती दिले जाते, याचीही नोंद हवी. रक्षणासाठी दिलेला थर कधी काळवंडतो, हे अजिंठ्याच्या भिंतीवर आपण पाहिलेच आहे.

देणगीदारांचा प्रश्न खरा आहे. वसतिगृहे आणि आश्रमशाळा चालविणाऱ्या धर्मभगिनींना हिशेबाबरोबर छायाचित्रेही पाठवावी लागतात. पण इमारतीचे, ग्रंथालयाचे, स्वयंपाकघराचे किंवा पाठमोऱ्या वर्गाचे छायाचित्रही काम दाखवू शकते. दाता विश्वासाने देत असेल तर त्याला हे समजावून सांगता येईल. ज्या मुलाचे पालक जवळ नाहीत, त्याच्या वतीने ‘हो’ म्हणणारी संस्थाच त्या चित्राची लाभार्थी असते. म्हणून तेथे अधिक कठोर राहिले पाहिजे.

आणि घरचे काय? प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलीचा पांढऱ्या पोशाखातील फोटो आजीला पाठवू नये, असे कोण म्हणेल? आजी पाठवू द्या, मामामावशींना पाठवू द्या. तोच फोटो नाव, वय आणि चर्चच्या नावासह हजारो अनोळखी लोकांसमोर ठेवण्यापूर्वी मात्र त्या मुलीला विचारावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपले कोणते चित्र दाखवावे आणि कोणते नाही, हे चांगले कळते. न्हाऊ घालतानाचे, रडतानाचे, आजारपणातील, नापास झाल्याच्या दिवसाचे चित्र आपल्याला गमतीचे वाटते. पंधराव्या वर्षी वर्गमित्रांच्या मोबाईलवर तेच चित्र पाहावे लागले तर त्याला त्यात गंमत दिसणार नाही.

मूल ‘नको’ म्हणाले तर मोबाईल खाली ठेवावा. त्याला याहून अधिक काही शिकवावयाची गरज उरत नाही. आपल्या ‘नको’ला घरात मान आहे, हे ज्या मुलाने अनुभवले, ते उद्या बाहेरच्या कुणी काही भलतेच मागितले तर तेथेही ‘नको’ म्हणू शकेल, आणि घरी येऊन ते सांगेलही. यंदाच्या हिवाळ्यात सहलीची यादी लावताना शाळांनी त्यासोबत छायाचित्राच्या संमतीचा कागद घरी पाठवावा, आणि त्यावर पालकांच्या सहीखाली एक ओळ मुलासाठीही मोकळी सोडावी.